रोज घाम गाळतोय, तरी सारखा आजारी का पडतोय?

पत्र : ताई, वय 34, पुरुष. दीड वर्षापूर्वी वजन वाढलं म्हणून व्यायाम सुरू केला आणि आता त्याशिवाय करमत नाही. आठवड्याचे सातही दिवस करतो. सोमवार-गुरुवार एचआयआयटी (थोडा वेळ पूर्ण जोर, मधे छोटी विश्रांती), मंगळवार-शुक्रवार वेट्स, बुधवारी इंटरव्हल (आलटून पालटून वेगात आणि हळू धावणं), शनिवारी ग्रुपबरोबर हलकं रनिंग (शेवटी रेस लागतेच), रविवारी लाँग रन. सगळं पहाटे साडेपाचला, उपाशीपोटी. ऑफिसचं उरलेलं काम संपवून झोपायला बारा-साडेबारा होतात. गेल्या पाच महिन्यांत चार वेळा सर्दी-खोकला-ताप झाला. दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत सुरू केलं, कारण बसून राहिलो तर मेहनत वाया जाईल असं वाटतं. घरचे म्हणतात व्यायाम बंदच कर. इम्युनिटी वाढवायला काय घेऊ? रेस्ट डे खरंच लागतो का? आणि सात आठवड्यांनी हाफ मॅरेथॉन आहे, ती रद्द करू का? अरे-तुरे केलंत तरी चालेल.

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी थांबले, "झोपायला बारा-साडेबारा होतात". तू हे जाता जाता लिहिलंयस, त्यावर काही विचारलेलंही नाहीस, पण साडेपाचला व्यायाम म्हणजे पाचला उठणं आलं, म्हणजे झोप झाली साडेचार ते पाच तास, तीही रोज, आणि त्यावर सात दिवस व्यायाम, त्यातले निदान पाच दिवस दम काढणारे. तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला या एका ओळीपासूनच सुरू करावी लागणार आहेत.

पण त्याआधी एक काम. मी बरीच वर्षं रनिंग आणि स्ट्रेंथचं कोचिंग करते, मी डॉक्टर नाही. मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीन वेळा सर्दी होणं नॉर्मल धरतात, तुला पाच महिन्यांत चार वेळा झालीय आणि सोबत तापही, तर एकदा डॉक्टरांना भेट आणि व्यायामाचं सगळं वेळापत्रक त्यांना सांग, कारण ते न सांगता नुसतं "सर्दी होते" म्हटलंस तर त्यांना अर्धीच गोष्ट कळेल. रक्ताच्या साध्या तपासण्या, फेरीटिन म्हणजे लोहाचा साठा, थायरॉईड, बी12, व्हिटॅमिन डी, शुगर, यातलं काय करायचं ते ते ठरवतील. आणि ज्या वेळी ताप नव्हता, फक्त शिंका, नाक वाहणं, घसा खवखवणं एवढंच होतं, तेव्हा ते इन्फेक्शन होतं की अ‍ॅलर्जी हेही विचार, कारण जोरात तोंडाने श्वास घेत व्यायाम करणाऱ्यांचा घसा नुसत्या कोरड्या हवेनेही दुखतो आणि आपण दर वेळी त्याला सर्दी म्हणून मोकळे होतो.

आता मुद्द्यावर येते. जास्त व्यायामाने आजारपण येतं हे खरं की खोटं? यावर शास्त्रज्ञ बरीच वर्षं भांडतायत आणि दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. 1982 मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला 56 किलोमीटरची टू ओशन्स मॅरेथॉन झाली, त्यानंतरच्या दोन आठवड्यांत धावलेल्यांपैकी 33 टक्के लोकांना सर्दी-घशाचा त्रास झाला आणि न धावलेल्यांत 15 टक्क्यांना, आणि त्यातही जे जास्त वेगात धावले त्यांना जास्त. मग 1987 च्या लॉस एंजलिस मॅरेथॉनवर डेव्हिड नीमन या अभ्यासकांनी 2300 च्या वर धावपटूंचा अभ्यास केला, रेसनंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी 12.9 टक्के आजारी पडले आणि तयारी करूनही काही कारणाने न धावलेल्यांपैकी फक्त 2.2 टक्के. यावरून असं मत तयार झालं की खूप जोराच्या व्यायामानंतर काही तास शरीराचं दार उघडं राहतं आणि जंतू आत शिरतात.

पुढे 2018 मध्ये कॅम्पबेल आणि टर्नर या दोन अभ्यासकांनी लिहिलं की थांबा, हे इतकं सरळ नाही. व्यायामानंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी दिसतात हे खरं, पण त्या मेलेल्या नसतात, रक्तातून निघून फुप्फुसं, आतडी अशा जागी पहाऱ्याला गेलेल्या असतात. वर जुन्या अभ्यासांत लोकांनी स्वतःच "मला सर्दी झाली" असं सांगितलेलं, प्रयोगशाळेत कुणी तपासलेलं नव्हतं. आणि रेसच्या दिवशी माणूस हजारोंच्या गर्दीत असतो, आदल्या रात्री नीट झोपलेला नसतो, प्रवास करून आलेला असतो, ताणात असतो, मग नुसत्या धावण्याला दोष कसा द्यायचा?

मला स्वतःला या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य वाटतं आणि तुझ्या बाबतीत तर फारच, कारण व्यायाम हा मुळात आजाराचा शत्रू आहे. याच नीमन यांनी नंतर 1002 लोकांवर 12 आठवडे लक्ष ठेवलं, त्यात आठवड्यातून पाच किंवा जास्त दिवस एरोबिक व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-खोकल्याचे दिवस, जेमतेम एखादा दिवस करणाऱ्यांपेक्षा 43 टक्क्यांनी कमी निघाले. त्यामुळे घरच्यांना सांग की बंद करायचा नाहीये. त्यांची काळजी खरी आहे हो, पाच महिन्यांत चार वेळा त्यांनीच तुझा ताप काढलाय, त्यांच्यावर चिडू नकोस, पण बंद करणं हा यावरचा उपाय नाही.

मग कुठे बिघडतंय? 2015 सालचा एक प्रयोग मी माझ्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला ऐकवते. 164 निरोगी माणसं घेतली, आठवडाभर हाताला यंत्र बांधून त्यांची झोप मोजली, मग सगळ्यांच्या नाकात सर्दीच्या व्हायरसचे थेंब टाकले आणि त्यांना पाच दिवस वेगळं ठेवून कुणाला सर्दी होते ते बघितलं. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चार पटींहून जास्त निघाली. व्हायरस तोच, डोस तोच, फरक झोपेचा. आणि तू सहा तासही झोपत नाहीयेस रे.

शरीराकडे व्यायामाचं वेगळं खातं आणि ऑफिसचं वेगळं खातं असं काही नसतं. इंटरव्हलचा ताण, बॉसच्या मेलचा ताण, रात्रीचं जागरण, उपाशीपोटी लाँग रन, हे सगळं एकाच खात्यातून वजा होतं आणि जमा करायच्या जागा दोनच मोठ्या, झोप आणि जेवण, आणि तुझ्या पत्रात दोन्हीकडे खडखडाट आहे. व्यायाम करताना आपण फिट होत नाही, तेव्हा स्नायूंत बारीक बारीक इजा होतात, साठवलेली साखर संपते, स्ट्रेस हार्मोन वाढतात, आपण खरं तर थोडे खाली जातो. वर येतो ते नंतरच्या तासांत. जोरदार वेट्सनंतर स्नायू बांधायचं काम 24 ते 48 तास चालू असतं, संपलेलं ग्लायकोजन, म्हणजे तीच साठवलेली साखर, नीट खाल्लं तरी भरायला जवळपास एक दिवस घेतं. तू ते भरायच्या आधीच पुन्हा उपसतोयस, दीड वर्ष. म्हणजे रेस्ट डे लागतो का या प्रश्नाचं उत्तर, हो लागतो, कारण ज्या गोष्टीसाठी तू पाचला उठतोस ती गोष्ट त्या दिवशीच घडते.

आता तुझा आठवडा बघू. मला सर्वात जास्त खटकला तो शनिवार. "हलकं रनिंग, शेवटी रेस लागतेच". अरे मग ते हलकं कुठे राहिलं! सोमवारी दम, बुधवारी दम, गुरुवारी दम, शनिवारी दम, रविवारी लांब, म्हणजे हलका दिवस एकही नाही. स्टीफन सायलर नावाचे अभ्यासक आहेत, त्यांनी रोइंग, स्कीइंग, रनिंग अशा खेळांतले जगातले अव्वल खेळाडू प्रत्यक्षात कसा सराव करतात ते तपासलं, तर त्यांची जवळपास 80 टक्के सेशन्स सोप्या वेगाची निघाली, जोराची फक्त 20 टक्क्यांच्या आसपास. ज्यांचं पोट खेळावर आहे, ज्यांच्यामागे फिजिओ आणि डॉक्टर उभे असतात, दुपारी झोप काढायला वेळ असतो, ते पाचातलं एक सेशन जोरात करतात, आणि नोकरी सांभाळून करणारा तू सातातले चार-पाच.

माझं म्हणणं असं, जोराचे दिवस दोनच ठेव आणि त्या दोघांत किमान 48 तास जाऊ देत. समजा बुधवारी इंटरव्हल आणि रविवारी लाँग रन, एचआयआयटी सध्या दोन्ही काढून टाक, तुला हाफ मॅरेथॉन धावायची आहे तर त्याची गरजही नाही. वेट्स दोनदा कर पण सेट कमी कर, आणि शेवटचा रेप ओरडत काढायचा प्रकार काही आठवडे नको. सोमवारी पूर्ण सुट्टी, म्हणजे खरंच सुट्टी, वाटलं तर अर्धा तास चालून ये. उरलेले दिवस सोपं धावणं, आणि सोपं म्हणजे काय ते घड्याळाला विचारू नकोस, धावता धावता पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, जमत नसेल तर वेग कमी कर, लाज वाटली तरी कमी कर. शनिवारच्या ग्रुपला आधीच सांग की मी आज मागे राहणार आहे, आणि तरी राहवत नसेल तर काही आठवडे एकटा धाव. शिवाय दर चौथ्या आठवड्याला सगळंच साधारण एक तृतीयांशने कमी करायचं, बरं वाटत असलं तरी.

आणि साडेपाच! ऑफिसचं काम बारापर्यंत चालणारच असेल तर व्यायाम संध्याकाळी ने, किंवा सकाळचे दोन दिवस सोडून दे. रात्री साडेबाराला झोपलास तर पाचचा गजर लावूच नकोस, त्या दिवशी झोपणं हाच तुझा व्यायाम. हे वाक्य मी लोकांना सांगते तेव्हा अर्धे लोक मला आळशीपणा शिकवतेय असं समजतात, पण मी अगदी मनापासून सांगतेय. सात तास हे कमीत कमी धर.

खाण्याबद्दल तू फक्त "उपाशीपोटी" एवढाच शब्द लिहिलायस, पण वजन कमी करायला सुरुवात केली होतीस म्हणजे रात्रीही हात आखडता घेत असणार असा माझा अंदाज. हलकं, तासाच्या आतलं धावणं उपाशीपोटी चालतं, पण इंटरव्हल आणि लाँग रन आधी काहीतरी सहज पचणारं खाऊन कर, आणि दीड तासाच्या पुढे जाणार असशील तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब्स सोबत ठेव, त्याने स्ट्रेस हार्मोन कमी उसळतात. व्यायाम झाल्यावर तास-दीड तासात प्रोटीन आणि कार्ब्स असलेलं नीट जेवण. आठवड्याला एवढा व्यायाम करून जेवण वजन कमी करणाऱ्याचं ठेवलं की शरीर बाकीच्या खात्यांत कपात सुरू करतं, हार्मोन, हाडं, प्रतिकारशक्ती, सगळीकडे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये याला रेड-एस (खेळाडूंमधली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं आणि ते पुरुषांनाही होतं हे मुद्दाम सांगितलं. (हे वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी, व्यायाम वाढवल्यावर पाळी पुढे जायला लागली किंवा थांबली तर ती फिटनेसची खूण नाही, लगेच डॉक्टरांकडे जा.)

सर्वात काळजी वाटली ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत सुरू करण्याची. यात एक साधा नियम बरेच कोच आणि डॉक्टर वापरतात, मानेच्या वरचं आणि मानेच्या खालचं. नुसतं नाक वाहतंय, शिंका आहेत, ताप नाही, तर हलकं चालणं किंवा सोपं धावणं चालतं, दहा मिनिटांत जड वाटलं तर घरी परत. पण ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, उलटी, जुलाब, यातलं काहीही असेल तर अजिबात नाही, एक स्क्वॉटसुद्धा नाही. कारण काही व्हायरस हृदयाच्या स्नायूला सूज आणतात, मायोकार्डायटिस म्हणतात त्याला, हे क्वचित होतं पण अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो, आणि हे झालेल्या खेळाडूंना साधारण 3 ते 6 महिने मैदानाबाहेर ठेवत आलेत. तापातून उठल्यावर छातीत दुखणं, धडधड, नेहमीच्या जिन्यावर दम लागणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा.

मी हे इतकं ठासून सांगते कारण मी स्वतः हे करून बसलेय. 29 वर्षांची होते, तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी गोळी घेऊन टेम्पो रन (बऱ्यापैकी जोरात, सलग धावणं) केला कारण प्लॅनमध्ये लिहिलेला होता. त्यानंतर जवळजवळ दहा आठवडे मला चार किलोमीटर सलग धावता येत नव्हतं, हृदयाचे रिपोर्ट सुदैवाने चांगले आले, पण त्या दहा आठवड्यांत रोज एकच विचार यायचा की पाच दिवस पडून राहिले असते तर काय झालं असतं.

तर आता ताप आला की गोळी न घेता पूर्ण 24 तास ताप नसेल तेव्हाच सुरुवात, पहिल्या दिवशी फक्त 20 मिनिटं चालणं, मग सोपं धावणं, आणि जितके दिवस आजारी होतास किमान तितके दिवस काहीही जोराचं नाही. तापाची गोळी घेऊन "आता बरं वाटतंय" म्हणून धावणं तर कधीच नको, गोळीने ताप झाकला जातो, आजार जात नाही.

मेहनत वाया जाईल ही भीती मला पूर्ण समजते, दीड वर्षाची आहे ती. पण आठवडाभर थांबल्याने फारसं काही जात नाही. सगळ्यात आधी कमी होतं ते रक्तातलं पाणी म्हणजे प्लाझ्मा, म्हणून परत आल्यावर पहिल्या रनला हार्ट रेट वर दिसतो आणि आपण घाबरतो, ते काही दिवसांत भरून येतं. दमसास लक्षात येण्याइतका उतरायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात आणि ताकद तर दोन-तीन आठवडे जवळपास तशीच राहते. उलट ताणत राहिलास तर काय होतं ते बघ. थोडं ताणलं तर काही दिवसांच्या विश्रांतीने माणूस आधीपेक्षा बरा होतो, जास्त ताणलं तर आठवडे ते महिने जातात, आणि खरं ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम झालं तर कित्येक महिने. तू आत्ता मधल्या पायरीवर असावास असं मला वाटतं, खाली यायला अजून सोपं आहे.

रोज सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातच, नाडी मोज आणि लिहून ठेव, आठवड्याभरात तुझा नेहमीचा आकडा कळेल. एखाद्या सकाळी तो 7-10 ने वर असेल आणि रात्री झोप नीट लागली नसेल, पाय जड असतील, घरात कारण नसताना चिडचिड होत असेल, तर त्या दिवशीचा जोराचा व्यायाम पुढे ढकल. स्मार्टवॉचवर एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधल्या वेळेतला फरक) बघत असशील तर एका दिवसाचा आकडा बघून घाबरू नकोस, आठवड्याचा कल बघ.

राहिलं काय घेऊ ते. व्हिटॅमिन सी बद्दल अभ्यास आहेत, मॅरेथॉन धावणारे, बर्फात स्कीइंग करणारे, कडक थंडीत कवायत करणारे सैनिक, अशा सुमारे 600 लोकांवरच्या पाच चाचण्यांत सर्दीचा धोका निम्मा झालेला दिसला, पण सामान्य लोकांत रोज घेऊनही सर्दी टळत नाही. तपासणीत एखादी कमतरता निघाली तर डॉक्टर देतील ते घे. "इम्युनिटी बूस्टर" लिहिलेल्या डब्यांवर पैसे घालवू नकोस, साडेचार तासांची झोप कुठल्याच डब्याने भरून निघत नाही.

आणि तुझी हाफ मॅरेथॉन. आज रद्द करू नकोस आणि धावणारच असंही ठरवू नकोस. डॉक्टरांना काही सापडलं नाही तर पहिले दोन आठवडे फक्त सोपं धावणं आणि सात तास झोप, जोराचं काहीच नाही, बुधवारचे इंटरव्हलसुद्धा नाहीत. त्यानंतर सकाळची नाडी तुझ्या नेहमीच्या आकड्यावर स्थिर असेल आणि पुन्हा सर्दी-ताप झाला नसेल, तर वर सांगितलेला आठवडा चार आठवडे चालव, लाँग रन हळूहळू वाढवत ने, आणि शेवटचा आठवडा निम्म्यावर आण. धावलास तर टायमिंगचं टार्गेट न ठेवता धाव, पूर्ण वाक्य बोलता येईल त्या वेगाने. मधे ताप आला तर बिब (छातीवर लावायचा रेसचा नंबर) दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, आयोजकांना विचार की एन्ट्री पुढच्या वर्षी वळवता येते का, आणि रेसच्या दिवशी कडेला उभा राहून शनिवारच्या त्या ग्रुपला पाणी दे. दोन आठवड्यांनी नाडीचे आकडे आणि झोपेचे तास लिहून पाठव, मी वाट बघेन.